बल्ब जातोय, पण दोष बल्बाचा नाही

प्रश्न : आमचं घर चिपळूण तालुक्यातल्या एका गावात आहे. जुनं कौलारू घर, पुढे पडवी, आत माजघर, वर माळा. मागे स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या तेव्हा थ्री फेज मीटर घेतला. दोन वर्षांपूर्वी पाच सीएफएल काढून त्या जागी ९ वॅटचे एलईडी बल्ब लावले. पडवीतला बल्ब दोन-तीन महिन्यांत जातोच. कंपनी बदलून पाहिली, तरी तेच. माळ्याच्या जिन्यातला बल्ब बटण बंद केलं तरी मिणमिणत राहतो. सासूबाई म्हणतात, रात्रभर वीज जळते. बिल म्हणावं तसं उतरलेलं नाही. स्वयंपाकघरात उजेड पांढराशुभ्र आहे, तरी ओट्यावर नीट दिसत नाही. मुलगी अभ्यासाला बसली की डोळे चुरचुरतात म्हणते. काढलेले सीएफएल खोक्यात पडून आहेत, त्यांचं काय करावं? जाता जाता एक : मागच्या खोलीत घरघंटी लावली की पडवीतला पंखा एकदम जोरात फिरतो आणि देवघरातला झिरोचा बल्ब लख्ख होतो. वायरमन म्हणाला, गावाकडे चालायचंच.
(एक वाचक, ता. चिपळूण)

उत्तर : ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट आम्ही सगळ्यात आधी घेतो, कारण ती चालू देण्यासारखी नाही. घरघंटी लावल्यावर दिवे थोडे मंदावले असते तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण एक मोठं यंत्र सुरू झालं आणि दुसरीकडचा पंखा जोरात फिरू लागला, म्हणजे तुमच्या घराचा न्यूट्रल, वीज परत नेणारी तार, सैल झाला आहे.

थ्री फेज मीटरमधून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजांमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल घट्ट असेल तोवर प्रत्येक खोलीला आपापले २३० मिळतात. तो सैल झाला की तिन्ही फेजांवरची उपकरणं एकमेकांत अडकतात. घरघंटी ज्या फेजवर आहे तिथलं व्होल्टेज खाली येतं आणि बाकीच्या फेजांवरचं वर चढतं. न्यूट्रल पूर्ण तुटला तर हलका भार असलेल्या फेजवर ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळपास व्होल्टेज जाऊ शकतं. मग एका संध्याकाळी टीव्ही, फ्रिज, मोबाईलचे चार्जर आणि बल्ब सगळे एकदम जातात.

पंखा आणि झिरोचा बल्ब तुम्हाला हे दाखवत होते. एलईडी बल्ब दाखवत नाही. चांगल्या एलईडी बल्बात एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. व्होल्टेज १८० असो की २७०, तो उजेड देणाऱ्या चिपांना सारखाच करंट देतो, त्यामुळे उजेड बदलत नाही. जास्तीच्या व्होल्टेजचा मार मात्र तो सोसत राहतो आणि एक दिवस मरतो. पडवीतला पंखा आणि पडवीतला बल्ब एकाच फेजवर असणार. तुमचा बल्ब सारखा जाण्याचं पहिलं कारण हे.

त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत घरघंटी लावू नका. दुकानात प्लगमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो पडवीच्या बोर्डात लावून ठेवा. दिवसभरात पाच-दहा व्होल्ट वरखाली झाले तर काळजी नाही. आकडा २६० च्या वर दिसला किंवा एखादं उपकरण चालू-बंद करताच वीस-तीस व्होल्टची उडी पडली, तर मेन बंद करा आणि फ्रिज-टीव्हीचे प्लग काढून ठेवा. खांबापासून मीटरपर्यंतचं काम महावितरणचं. त्यासाठी १९१२ वर तक्रार नोंदवा, ‘न्यूट्रल सैल आहे’ याच शब्दांत सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नुसतं ‘लाइट कमी-जास्त होते’ म्हटलं तर ती तक्रार मागे पडते. मीटरच्या पुढचं काम तुमचं. ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि तो आला की मेन स्विचमधली न्यूट्रल लिंक त्याला उघडून दाखवायला सांगा. लिंक म्हणजे सगळे काळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात ती पितळी पट्टी. जुन्या घरात तिथे बहुतेकदा ॲल्युमिनियमची तार असते. ॲल्युमिनियम मऊ, स्क्रूखाली दाबून दाबून पसरतं, वर कोकणातली दमट हवा. काही वर्षांत स्क्रू आपोआप सैल होतो आणि तारेचं टोक काळं पडतं. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. काळं टोक कापून टाकायचं, नवी तार सोलून लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावायचा आणि मग आवळायचं. न्यूट्रलवर फ्यूज किंवा एकट्याचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) असेल तर तो काढायला लावा, कारण तो उडाला तरी हाच प्रकार होतो. आणखी एक पक्कं लक्षात ठेवा. न्यूट्रल मिळत नाही म्हणून कुणी अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून जोडून देऊ लागला तर त्याला तिथेच थांबवा. अर्थिंग कोरडं पडलं तर फ्रिज आणि गिझरच्या अंगावर वीज येते.

आता पडवीतल्या बल्बाचं दुसरं कारण. तुम्ही लिहिलं नाही, पण कोकणातल्या पडव्यांत बल्बावर पुष्कळदा काचेचा बंद गोळा असतो, पावसाची झड आणि किडे आत येऊ नयेत म्हणून. जुन्या साठच्या बल्बाला त्याचं काही वाटत नसे. त्याच्या आत तार आणि काच, तापून बिघडेल असं काही नव्हतंच. एलईडीचं तसं नाही. ९ वॅटपैकी निम्म्याहून जास्त वीज उष्णताच होते आणि ती बल्बाच्या गळ्याशी, ड्रायव्हर असतो तिथेच साठते. ड्रायव्हरमध्ये एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, पेन्सिलच्या जाडीचा छोटा डबा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. खोक्यावरचे २५,००० तास उघड्या हवेतल्या बल्बाचे असतात. काचेच्या बंद गोळ्यात, रात्रभर अकरा तास पेटणाऱ्या बल्बाला ते मिळत नाहीत.

पुढचा बल्ब गेला की टाकून देऊ नका, आधी पाहा. होल्डरमधून काढून अर्धा दिवस बाजूला ठेवा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज उतरेल. मग वरची पांढरी प्लास्टिकची टोपी दाबून फिरवली की निघते. आतल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळ्या चिपा दिसतील. एखाद्या चिपेवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका असेल तर ती जळली आहे. चिपा एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक गेली की सगळा बल्ब बंद. हे बहुतेकदा उष्णतेचं काम. चिपा स्वच्छ असून ड्रायव्हरचा कपॅसिटर वरून फुगलेला असेल तर उष्णता आणि व्होल्टेज दोन्हींवर संशय घ्या. ड्रायव्हरवर काजळी असेल किंवा बारीक फ्यूजवायर उडाली असेल तर व्होल्टेजचा झटका. बल्बाच्या पितळी बुडाच्या कडेला किंवा खालच्या दोन टिकल्यांवर तपकिरी-काळा डाग असेल तर होल्डर सैल. जळलेल्या चिपेवर सोल्डर टाकून बल्ब पुन्हा पेटवण्याची युक्ती मुलं मोबाईलवर पाहून करतात, ती घरात करू देऊ नका. स्वस्त बल्बात ती चकती थेट मेन लाइनला जोडलेली असते. टोपी काढलेला बल्ब होल्डरमध्ये घातला आणि बोट लागलं तर जबर शॉक बसतो.

होल्डर पाहायचा तोही एकदाच, नीट. मेन बंद करून बल्ब बसवा आणि हलवा. तो डुगडुगत असेल तर आतल्या पिनांच्या स्प्रिंगा थकल्या आहेत. तुमच्याकडे खारट दमट हवेने पिनांवर हिरवा थरही चढतो. सैल पिनेवर बारीक ठिणग्या पडत राहतात, कान दिला तर चर्र आवाज येतो. प्रत्येक ठिणगी ड्रायव्हरला झटका असते. पिना घासून पुन्हा वापरण्यापेक्षा नवा होल्डर लावा, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. वायर फक्त ८ मिलिमीटर सोला, तांबं स्क्रूच्या बाहेर दिसता कामा नये, आणि स्क्रू आवळल्यावर वायर एकदा ओढून पाहा.

पडवीसाठी आमचं मत सरळ आहे. काचेचा गोळा काढा. पावसाची झड जिथे येत नाही तिथे उघड्या होल्डरमध्ये ५ वॅटचा बल्ब लावा, ये-जा करायला आणि चपला शोधायला तेवढा उजेड पुरतो. झड येत असेल तर खास बाहेरसाठी बनवलेलं आयपी ६५ चं (धूळ-पाणी आत न जाणारं) एलईडी बल्कहेड, म्हणजे भिंतीवरचा बंद दिवा, घ्या. त्याचं अंग ॲल्युमिनियमचं असतं आणि उष्णता मागून बाहेर पडते. नवा बल्ब घेताना खोक्यावर ‘सर्ज’ शोधा, म्हणजे व्होल्टेजचा किती मोठा झटका तो सोसतो त्याचा केव्हीतला (हजार व्होल्टमधला) आकडा. वळवाच्या विजांच्या दिवसांत अडीच केव्हीपेक्षा ४ केव्हीचा बल्ब जास्त टिकतो. आणि बल्बाच्या गळ्यावर मार्करने लावल्याची तारीख लिहा, दुकानाची पावती खोक्यातच ठेवा. वॉरंटी असूनही बहुतेक लोक बल्ब बदलून घेत नाहीत, ते तारीख सापडत नाही म्हणून.

जिन्यातला मिणमिणता बल्ब. सासूबाईंना सांगा, वीज जाते हे खरं, पण ती अर्ध्या वॅटच्याही आत असते, रात्रभर धरलं तरी महिन्याला पाव युनिट होत नाही. तरीही तो बल्ब तपासायलाच हवा, कारण तो वायरिंगबद्दल काहीतरी सांगतोय. खाली-वर दोन बटणं असलेल्या जिन्यात दोन तारा शेजारीशेजारी धावतात. एकीत फेज असला की दुसरीत नुसत्या जवळिकीने थोडा करंट उतरतो. साध्या बल्बाला तो जाणवत नसे, एलईडीला तेवढा पुरतो. हे असेल तर धोका नाही. होल्डरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरॅड, २७५ व्होल्टचा एक्स-टू कपॅसिटर जोडला की मिणमिण थांबते. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातूनही असाच करंट येतो. इंडिकेटर नसलेलं बटण लावलं की प्रश्न संपला.

पण जुन्या घरांत जिन्याची जोडणी आणखी एका प्रकारे केलेली सापडते. वायर वाचवायला दोन्ही बटणांना फेजही देतात आणि न्यूट्रलही. बल्बाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या तारा मिळाल्या की तो पेटतो, सारख्या मिळाल्या की विझतो. म्हणजे बल्ब बंद दिसतो तेव्हा होल्डरच्या दोन्ही पिनांत फेज असू शकतो. स्टुलावर उभं राहून बंद बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला हे कळायला वाव नसतो. ही जोडणी असेल तर बदलूनच घ्या. साध्या बोर्डांवरही फेजऐवजी न्यूट्रल बटणातून नेलेला असतो, तोही सुलटा करून घ्या. वायरमनला नुसत्या टेस्टरवर निकाल देऊ देऊ नका. जवळच्या तारेतल्या करंटनेही टेस्टर पेटतो. साठच्या बल्बाचा टेस्ट लॅम्प लावून पाहायला सांगा. आणि हे होईपर्यंत जिन्यातला बल्ब मेन बंद केल्याशिवाय बदलू नका.

आता बिल. इथे हिशेब मांडला की सगळं उघड होतं. तुम्ही पाच सीएफएल काढले. घरगुती सीएफएल साधारण १४ वॅटचा, एलईडी ९ चा, म्हणजे बचत बल्बामागे ५ वॅट. पाच बल्ब, रोज पाच तास, तीस दिवस : ३.७५ युनिट. बिलात एवढं कुणाला दिसणार? ६० वॅटचे जुने बल्ब काढले असते तर त्याच हिशेबाने सव्वाअडतीस युनिट वाचले असते. एलईडीने बिल निम्म्यावर आलं असं सांगणारे शेजारी बहुधा साठच्या बल्बांवरून आलेले असतात. तुमची मोठी बचत सीएफएल लावले तेव्हाच होऊन गेली.

खरी वीज दुसरीकडे जाते, आणि तीही तुमच्या पत्रातच आहे : देवघरातला झिरोचा बल्ब. नाव झिरोचं, पण तो साधारण १५ वॅट घेतो. रात्रंदिवस जळत असेल तर महिन्याला १०.८ युनिट, म्हणजे पाच नव्या बल्बांनी मिळून वाचवलं त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्याच रंगाचा अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, महिन्याला ०.३६ युनिट होईल. मात्र आधी न्यूट्रल दुरुस्त करा. हे छोटे बल्ब व्होल्टेजला फार नाजूक असतात. मागच्या खोल्यांत तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब असेल तर तिच्याकडे वळा. ट्यूब ३६ वॅटची, वर चोक दहा-बारा वॅट खातो, मिळून ४८ च्या आसपास. त्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावली तर रोज सहा तासांना महिन्याला एका ट्यूबमागे पाच युनिट वाचतात. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवायच्या खटपटीत पडू नका. चोक-स्टार्टर काढून आतली जोडणी बदलावी लागते, त्यात चुका होतात. आख्खी नवी पट्टी अडीच-तीनशे रुपयांना येते.

बचत पाहायची ती रुपयांत नव्हे, युनिटांत. स्थिर आकार दिवे बंद ठेवले तरी लागतो आणि दर मध्येच बदलतात. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या युनिटांशी तुलना करा, एप्रिलची जानेवारीशी करू नका. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांवर पुढच्या टप्प्यात जातो. वाचलेले युनिट सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. तुमचा वापर १०० ते १२० मध्ये घुटमळत असेल तर देवघर आणि दोन ट्यूब मिळून तुम्हाला पहिल्या टप्प्यात आणू शकतात. दुकानदार ‘पॉवर फॅक्टर’ चांगला म्हणून महाग बल्ब देत असेल तर एवढं माहीत असू द्या : घरगुती मीटरवर आकारणी युनिटांची होते, त्याने तुमचं बिल घटत-वाढत नाही.

स्वयंपाकघरात उजेड कमी नाही, तो चुकीच्या जागी आहे. बल्ब खोलीच्या मध्यावर, तुम्ही ओट्याकडे तोंड करून, त्यामुळे तुमचीच सावली विळीवर आणि कढईत पडते. वॅट वाढवून सावली आणखी गडद होईल. ओट्यासमोरच्या भिंतीवर, फळीच्या खालच्या पुढच्या कडेला दोन फुटी १० वॅटची पट्टी लावा, शेगडीच्या बरोबर वर मात्र नको, वाफ आणि तेलकटपणा आत जातो. रंग ६५०० केल्विनचा निळसर पांढरा घेऊ नका, ४००० चा घ्या. आणि खोक्यावर ‘सीआरआय’, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पाहा, ८० हवाच, ९० मिळाला तर उत्तम. कमी सीआरआयच्या उजेडात लाल आणि पिवळे रंग मरतात. फोडणीतला लसूण तांबूस झालाय की करपायला आलाय, मेथीचं पान पिवळं पडलंय की नाही, हे कळत नाही ते यामुळे.

मुलीच्या डोळ्यांचं दोन बाजूंनी पाहा. बल्ब लुकलुकतो का, हे साध्या डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत फक्त तोच बल्ब लावून त्याखाली पेन्सिल जोरात हलवा. एकसंध धूसर पट्टा दिसला तर ठीक. पेन्सिलच्या वेगवेगळ्या प्रती दिसल्या तर बल्ब सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो आहे. कपॅसिटर वगळून बनवलेल्या स्वस्त बल्बांत हे सर्रास आढळतं, आणि अभ्यासाला तो बल्ब नको. दुसरं, टेबलावर वेगळा दिवा हवा : ७ वॅटचा, वहीपासून दीड-दोन फुटांवर, ती उजव्या हाताने लिहीत असेल तर डाव्या बाजूला, आणि बल्ब थेट डोळ्यांत दिसणार नाही एवढी शेड. खोलीतला दिवाही चालू राहू द्या. काळोख्या खोलीत फक्त वही उजळ असली की डोळे लवकर थकतात. एवढं करूनही चुरचुर राहिली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, ते बल्बाने सुटणारं नाही.

सीएफएल खोक्यात आहेत तसेच, उभे, कागदात गुंडाळून ठेवा. प्रत्येकात काही मिलिग्रॅम पारा असतो. ते कचऱ्यात, परसात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका, तिथे ते फुटणारच. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. चिपळूणला नगर परिषदेत चौकशी करा, किंवा बल्ब विकणाऱ्या मोठ्या दुकानात विचारा. हाताळताना एखादा फुटलाच तर मुलांना खोलीबाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या-दारं उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपून घ्या, जागा ओल्या कागदाने पुसा, आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत घालून उरलेल्या सीएफएलबरोबरच केंद्रावर पाठवा.